तीन कुलपं आणि एक दाणा

१

पेटीतले दाणे मोजून झाले. मतदारांच्या संख्येशी बेरीज तंतोतंत जुळली. मका जिंकला, घेवडा हरला. लायमन ट्रस्कने टेबलावर जोरात थाप मारली, आणि त्याच वेळी मागच्या बाकावरून ऑर्फा क्रेन उठली.

"माझा दाणा कुठाय?" ती म्हणाली.

सगळे वळून तिच्याकडे बघू लागले.

आमच्या टकर्स नॉचची घटना देशाच्या घटनेहून जुनी आहे. गावात पाय ठेवल्याठेवल्या कुणी ना कुणी तुम्हाला हे ऐकवणारच, तेव्हा मीच सांगून टाकते. त्या घटनेतलं सातवं कलम असं: कुणाचं राहतं घर आणि त्याखालची जमीन गावाच्या कामासाठी घ्यायची झाली, तर ती पंचांनी आपल्या अधिकारात घेऊ नये. अख्ख्या गावाने गुपचूप मत द्यावं. हो म्हणायचं असेल तर पेटीत मक्याचा दाणा टाकावा, नाही म्हणायचं असेल तर घेवड्याचा. पेटीला तीन कुलपं लावावीत, किल्ल्या सभापती सोडून तीन वेगळ्या माणसांनी रात्रभर गळ्यात बाळगाव्यात, आणि मोजणी दुसऱ्या दिवशी सूर्याच्या उजेडात करावी. मेणबत्तीच्या उजेडात माणूस स्वतःला हवं ते मोजतो, असं आमच्या जुन्यांचं म्हणणं होतं. आणि ज्याचं घर जायचं त्याने सगळ्यात शेवटी मत द्यावं, तेही त्याच जमिनीत पिकलेल्या दाण्याने.

ऑर्फाच्या शेतात तांबड्या ठिपक्यांचा घेवडा होतो. गावात तो दुसऱ्या कुणाकडेच नाही. बाकीचे मतदार गावाने ठेवलेल्या परातीतून दाणा उचलतात, आणि त्यातला घेवडा साधा, पांढरा. आदल्या दिवशी ऑर्फाने तो ठिपक्यांचा दाणा वर धरून सगळ्यांना दाखवला होता आणि मग पेटीत टाकला होता. आता टेबलावर मका होता, पांढरा घेवडा होता, ठिपके मात्र कुठेच नव्हते.

"असेल की, ऑर्फा. नीट बघा रे जरा," सभापती एसा व्हिटकॉम म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. आम्ही पुन्हा बघितलं. टेबलाखाली बघितलं, लायमनच्या पँटच्या दुमडलेल्या कडेतही बघितलं. दाणा नव्हताच.

म्हणजे रात्रीत कुणीतरी पेटी उघडली होती, घेवडा काढून तितकाच मका घातला होता आणि पुन्हा तिन्ही कुलपं लावली होती.

किल्ल्या कुणाकडे? एक पंचमंडळाच्या अध्यक्षाकडे, म्हणजे लायमनकडे. दुसरी पाद्रीणबाई मर्सी गूडेलकडे. तिसरी गावच्या कॉन्स्टेबलकडे. कॉन्स्टेबल म्हणजे आमच्याकडे मोकाट कुत्री धरणारी बाई, आणि ती बाई मी, थर्झा पाइक. एरवी मी वैरणीचं आणि लोखंडी सामानाचं दुकान चालवते.

"हे बघा," लायमन ओरडला, "मी चोर असलो तरी मला एकच कुलूप उघडता येतं! ही उघडायची तर आम्ही तिघांनी मिळून उघडायला हवी. कुत्र्यांवरून थर्झा आणि मी वर्षभर बोललेलो नाही. आम्ही मिळून चोरी करू?"

लोक हसले. ऑर्फा हसली नाही. तिला हे घर तिच्या आईकडून आलेलं. नवरा अंगणात पुरलाय. शाळेसाठी गावाला तिची खालची सपाट जमीन हवी होती, आणि घर नेमकं त्या जमिनीच्या मधोमध.

एसा काकांनी हातोडी आपटली. "सभा पुढच्या मंगळवारपर्यंत तहकूब. तोवर कॉन्स्टेबलने शोध घ्यावा. काही सापडलं नाही, तर झालेली मोजणी कायम."

मग त्यांनी सातवं कलम पुन्हा म्हटलं. कागद समोर होता, पण त्याकडे न बघता, नेहमीसारखं तोंडपाठ. चाळीस वर्षं त्यांनी गावच्या शाळेत शिकवलं. ही घटना आम्हा सगळ्यांना त्यांनीच पाठ करून घेतली. गावातलं प्रत्येक पोर त्यांना काका म्हणतं, आणि माझे वडील गेल्यावर मी तर त्यांना वडिलांच्या जागीच मानलं.

एका घेवड्याच्या दाण्यासाठी राज्याच्या पोलिसांना फोन करायची माझी छाती झाली नाही. मी कामाला लागले.

२

लायमन रस आटवत होता. मार्चचा चिखल गुडघाभर, आणि त्याच्या झोपडीत मेपलच्या रसाची वाफ इतकी दाटलेली की माणूस आधी ऐकू यायचा, मग दिसायचा.

"आलीस? धर मला," तो म्हणाला. "कुत्र्याचा पट्टा आणलायस ना?"

"किल्ली दाखव."

त्याने शर्टात हात घालून दोरी बाहेर ओढली. "अंघोळीलाही काढली नाही. बायकोला विचार."

"तू अंघोळ केलीस याला पुरावा काय?"

तो हसला. मग कढईवरचा फेस काढता काढता गंभीर झाला. "थर्झा, शाळा मला हवीय. नाही बांधली तर आहे ती बंद होणार, आणि पोरं बसने खाली खोऱ्यात जाणार. मी हे उघड बोललोय, ऑर्फाच्या तोंडावर बोललोय. मला जिंकायचं असतं तर दिवसाढवळ्या भांडून जिंकलो असतो. आणि एक सांगतो. मी चोरी केली असती, तर तिचा ठिपक्यांचा दाणा सगळ्यात आधी पेटीत जपून ठेवला असता. सगळ्या गावाने बघितलेला एकच दाणा, आणि नेमका तोच काढायचा? इतका गाढव मी आहे का?"

मी काही बोलले नाही.

"लगेच नाही म्हटलं असतंस तरी चाललं असतं," लायमन म्हणाला.

चिखल तुडवत परत येताना त्याचं तेच बोलणं माझ्या डोक्यात फिरत राहिलं. दाणे मोजून बदलले होते, एकाला एक. इतका सावध माणूस ठिपके कसा विसरला?

३

पाद्रीणबाई या गावात येऊन तिसरं वर्ष. त्यांचं घर सभाघराच्या समोर, मध्ये फक्त रस्ता. त्या दारातच म्हणाल्या, "मी तुमचीच वाट बघत होते. मी मका टाकला, थर्झाबाई. सांगून टाकते. माझा टोबी याच शाळेत जातो."

"मत गुप्त असतं, पाद्रीणबाई."

"असू दे. संशय घेणाऱ्याने तो उघड्या डोळ्यांनी घ्यावा." त्यांनी गळ्यातली किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली. मी तिला हात लावला नाही. दुसऱ्याच्या किल्लीला हात लावायचा नाही, ही आमची लहानपणापासूनची शिस्त. चर्चमध्ये टोपी काढावी तितकं ते अंगवळणी पडलेलं.

"त्या रात्री टोबीला ताप होता," त्या म्हणाल्या. "मी त्याच्या उशाशी, या खिडकीत बसून होते. सभाघराचं दार उघडंच असतं, कुणीही आत जाऊ शकतं, हे मला मान्य. पण आत दिवा लागला नाही. बॅटरीसुद्धा नाही. या खिडक्यांना पडदे नाहीत, काडी ओढली तरी मला दिसली असती."

"झोप लागली असेल."

"आजारी पोराच्या उशाशी?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ओशाळले.

म्हणजे चोराने काळोखात काम केलं. मका चपटा आणि टोकदार, घेवडा गोल आणि गुळगुळीत, त्यामुळे हाताला दोन्ही वेगळे कळतात. ठिपके मात्र हाताला कळत नाहीत. लायमनच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं म्हणून मी खूश झाले. पण ती खुशी रस्ता ओलांडेपर्यंतच टिकली. काळोखात बेरीज न चुकवता दाणे बदलायचे आणि तीन कुलपं उघडून पुन्हा लावायची, हे काय खायचं काम आहे?

४

मी सभाघरात गेले. रिकामी पेटी टेबलावर होती, शेजारी तिन्ही कुलपं उघडी पडलेली. जुनी कुलपं गंजून गेल्यावर एसा काकांनी स्वतःच्या खिशातून ही गावाला भेट दिली होती. किल्ल्या कापडाच्या तीन छोट्या पिशव्यांत घालून भर सभेत एकेकाच्या हातात ठेवल्या होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी जरा हातचं राखूनच वाजवल्या, कारण माझं दुकान सोडून ते खालच्या गावातून स्वस्तात कुलपं घेऊन आले होते. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मी डोळे मिटले आणि चोराच्या जागी उभी राहिले. कुलूप पेटीला अडकवलं, दाबलं आणि गळ्यातली माझी किल्ली काढून तिचं भोक चाचपडत शोधू लागले. किल्ली दोनदा हातातून पडली. शेवटी कशीबशी आत गेली, फिरली आणि कुलूप उघडलं. मी डोळे उघडले.

कुलूप लायमनचं होतं. त्याने ओळखीसाठी त्याला लाल रंगाचा टिपका लावलेला.

मी पाद्रीणबाईंचं कुलूप घेतलं आणि माझी किल्ली आत घातली. तेही उघडलं.

मी तिथेच बाकावर बसले. तीन कुलपं, तीन किल्ल्या, तीन माणसं, रात्रभर गळ्यात दोरी, आणि हे सगळं नुसतं नाटक होतं. आमच्यापैकी कुणालाही एकट्याने ही पेटी कधीही उघडता आली असती. कुणी उघडली नाही ती कुलपांमुळे नव्हे. दुसऱ्याच्या कुलपाला आपली किल्ली लावून बघायचं कुणाच्या मनातच आलं नाही म्हणून. लावून बघणं म्हणजे अविश्वास, आणि आपल्या माणसांवर अविश्वास दाखवायला आम्हाला लाज वाटायची.

अशी कुलपं मीही विकते. एकाच पाकिटात तीन, गोठ्याला, कोठाराला आणि फाटकाला लावायला. कुठलीही किल्ली कुठल्याही कुलपाला लागते, म्हणून सुटी घेण्यापेक्षा ती बरीच स्वस्त पडतात.

पण त्या पाकिटात किल्ल्या तीन नसतात. चार असतात.

५

मी लगेच कुणाकडे गेले नाही. दोन दिवस दुकानात बसून खिळे तोलले. एसा काकांनी कुलपं आणली यावरून काय सिद्ध होतं? चौथी किल्ली हरवली असेल, दुसऱ्या कुणी उचलली असेल. ज्या माणसाने मला अक्षर ओळखायला शिकवलं त्याच्यावर आळ घ्यायचा म्हणजे काहीतरी ठोस हातात हवं, आणि खरं सांगायचं तर ते हातात येऊच नये असं मला वाटत होतं.

शनिवारी दुपारी एसा काकांचाच फोन आला. "ये जेवायला. घेवडा भट्टीत लावलाय."

आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी घरोघरी भाजलेला घेवडा असतो, मोलॅसिस, म्हणजे काळी काकवी, आणि डुकराची चरबी घालून, सोबत वाफवलेला काळा पाव. एसा काका विधुर झाल्यापासून दर शनिवारी ऑर्फाकडे जेवायचे. या शनिवारी तिच्याकडे जायला त्यांचा पाय धजला नसावा. मी दार ढकललं तशी ते म्हणाले, "कोण?"

"मी."

"थर्झा का! ये, ये."

दुपारचा उजेड खिडकीतून सरळ माझ्या तोंडावर पडला होता, तरी त्यांनी विचारलं, कोण. मग मला एकेक आठवत गेलं. गेल्या शरदापासून ते गाडी काढत नव्हते, चिखलाचं निमित्त सांगायचे. गावच्या जेवणात त्यांनी सिरप ताटाबाहेर ओतलं होतं आणि आम्ही त्यांची थट्टा केली होती. कलमं तोंडपाठ म्हणतात म्हणून आम्हाला कौतुक. ते कागदाकडे का बघत नाहीत, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

अंधारात काम करायला त्यांना सराव लागणार नव्हता.

त्यांनी भांड्यातून माझ्या ताटात घेवडा वाढला. अगदी थोडा होता, दोघांपुरता. मी काटा उचलला, आणि तो हातातच राहिला. पिवळसर, मऊ झालेल्या पांढऱ्या दाण्यांमध्ये एक दाणा वेगळा होता. ठिपके शिजून फिके पडले होते, पण होते.

पेटीतून काढलेले दाणे त्यांनी फेकले नव्हते. आमच्याकडे धान्य फेकत नाहीत. धुऊन, भिजवून, भट्टीत लावून ते आपण खायचे आणि पाहुण्यालाही वाढायचे. आमच्या गावचा चोरच असं करू शकतो.

"काका, हात पुढे करा."

त्यांनी हात पुढे केला. मी तो दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला. "काय आहे?"

त्यांनी तो बोटांनी चाचपला आणि हसले. "घेवडा. काय परीक्षा घेतेस का?"

"कुठला?"

"पांढरा," ते म्हणाले. मग त्यांची बोटं थांबली.

"मी तो पेटीतच ठेवला होता, थर्झा," ते शेवटी म्हणाले. "तिचे दाणे मोठे असतात. सगळ्यात मोठा चाचपून ठेवला होता."

"तो पांढरा होता."

"हं."

"चौथी किल्ली?"

"टेबलाच्या खणात. कुणाची हरवली तर असावी म्हणून ठेवली होती. देवाशपथ, तेव्हा मनात काही नव्हतं. स्वस्त मिळाली म्हणून तसली घेतली, एवढंच. नंतर खणात किल्ली आहे हे मला रोज आठवायचं."

"आणि हे का केलंत? ऑर्फा मावशीला घराबाहेर काढायला?"

त्यांचा आवाज चढला. वर्गात चढायचा तसा. "शाळा जगवायला! हे गाव वसवणाऱ्यांनी चर्चच्या आधी शाळा बांधली. त्यांच्या मनात काय होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? ते आज असते तर त्यांनी हेच केलं असतं."

"त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनी पेटीला तीन कुलपं लावून सांगितलंय, काका. आणि सभापतीच्या हातात एकही किल्ली द्यायची नाही, हेही त्यांनीच सांगितलंय. तुम्हीच पाठ करून घेतलंत माझ्याकडून. मला वाटायचं, कुलपं चोरांसाठी आहेत. चोर काय, एक असो की तीन, कुलूप फोडतोच. ही कुलपं तुमच्यासारख्या चांगल्या माणसांसाठी होती."

मला रडू येत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता.

"एक सांगा," मी म्हणाले. "शोध घ्यायला मलाच का नेमलंत?"

त्यांनी तो दाणा हलकेच ताटाच्या कडेला ठेवला. "तुझा माझ्यावर विश्वास होता म्हणून," ते म्हणाले.

याच माणसाला मी वडील मानलं होतं. मी ताट तसंच ठेवून उठले. दारापाशी पोचले तेव्हा ते म्हणाले, "मीच राजीनामा देतो. प्रकृतीचं कारण सांगतो. पुन्हा मत घ्या. बाकीचं तुझ्यामाझ्यात राहू दे, थर्झा."

"नाही," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगायचं. सकाळी, उजेडात."

६

मंगळवारी त्यांनी सांगितलं. काही लपवलं नाही, डोळ्यांचंही नाही. सभाघरात कुणी ओरडलं नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत. लायमन ट्रस्क खाली मान घालून बसला होता, आणि शाळेसाठी सगळ्यात मोठ्याने भांडणारा तोच होता. एसा काकांनी हातोडी टेबलावर ठेवली आणि ते खाली येऊन बाकावर बसले.

मी नवी कुलपं काढली. एक माझ्या दुकानातलं, दोन दुसऱ्या दोन गावांतली. सगळ्यांसमोर प्रत्येक किल्ली प्रत्येक कुलपाला लावून दाखवली. एकच लागली, बाकीच्या अडल्या.

"आता आमच्यावरही विश्वास नाही का, थर्झा?" मागून कुणीतरी म्हणालं.

"नाही," मी म्हणाले. "माझ्यावरही ठेवू नका."

पुन्हा मत झालं, पुन्हा रात्र गेली, पुन्हा सकाळी मोजणी झाली. घेवडा जिंकला. ठिपक्यांचा दाणा टेबलावर सगळ्यांच्या मधोमध होता. ऑर्फाचं घर राहिलं. शाळेचं काय व्हायचं ते होईल. पाद्रीणबाईंचा टोबी शरदापासून बसने जाईल बहुतेक, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

लोक पांगले. एसा काका शेवटी उठले. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून बाकांना हात लावत, एकेक पाऊल टाकत ते दाराकडे आले. दाराशी ऑर्फा उभी होती, त्यांच्यापासून हातभर अंतरावर.

"ऑर्फा?" ते म्हणाले. "ऑर्फा, आहेस का इथे?"

माणूस कोण ते त्यांना आता आवाजावरूनच कळतं. ऑर्फा त्यांच्याकडे बघत होती. तिने ओठ घट्ट मिटले होते. माझ्याकडे बघून तिने मान हलवली, नको म्हणून.

मीही बोलले नाही. काका थोडा वेळ तिथे थांबले, मग तिच्या अगदी जवळून, तिच्या शालीला बाही घासून बाहेर गेले आणि पायऱ्या चाचपत चिखलात उतरले.

"दर शनिवारी मी त्याला वाढत होते," ऑर्फा म्हणाली. "एकदा येऊन मागितली असती ना जमीन, तर मी निदान विचार तरी केला असता."

मग ती टेबलापाशी गेली, आपला दाणा उचलून खिशात टाकला आणि घरी गेली.